घरच्या वायफायवर नेमके कोण-कोण आहे? अनोळखी मोबाईल कसा शोधायचा, कसा काढायचा, संपूर्ण माहिती

सोलापूर : जिल्ह्यातील गावागावांत आता फायबरचे नेट पोहोचले आहे. फायबर नाही तिथे मळ्यातल्या वस्तीवरही छतावर डबा बसवून घरात वायफाय सुरू झाले आहे. महिन्याचे पैसे भरणारा एक, वापरणारे मात्र दहा, अशी अनेक घरांची गत आहे. पाहुणा आला की पासवर्ड सांगायचा, भावकीतल्या पोराने मागितला की द्यायचा, शेजारी म्हणाला 'जरा फॉर्म भरायचाय' की द्यायचा. पुढे तो पासवर्ड कुठे-कुठे गेला याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

प्रश्न फक्त नेट स्लो होण्याचा नाही. वायफायची जोडणी ज्याच्या नावावर, आधारवर आणि पत्त्यावर आहे, त्या जोडणीवरून काही उलटेसुलटे झाले की पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. म्हणून आपल्या वायफायवर कोणती उपकरणे चालतात हे माहीत असणे आणि नको ती बाहेर काढता येणे, या दोन गोष्टी घरातल्या एकाला तरी यायलाच हव्यात. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, मोबाईल पुरेसा आहे.

आधी हे वाचा : नवी मुंबईत काय घडले होते

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. तो कोणत्या जोडणीवरून गेला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. ईमेल त्याने पाठवलेला नव्हता. त्याच्या घरचे वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. तरीही चौकशीला सामोरे त्यालाच जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे नेटवर्क असेच वापरले गेले. त्यानंतर २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी बिनपासवर्डची वायफाय शोधण्याची मोहीम घेतली आणि दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

आपल्या गावात इतके मोठे काही घडणार नाही, असे वाटू शकते. पण खोटे प्रोफाईल काढून मुलीला त्रास देणे, एखाद्याला धमकीचा मेसेज टाकणे, ऑनलाईन फसवणूक करणे हे प्रकार कुठल्याही गावातून होऊ शकतात. त्यांचा मागही असाच काढला जातो : आधी जोडणी, मग जोडणीचा मालक, मग माणूस.

नेट स्लो म्हणजे चोरीच, असे नाही

शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. प्लॅनची मर्यादा संपली का? बऱ्याच प्लॅनमध्ये ठरावीक डेटा संपला की वेग आपोआप कमी होतो. कंपनीच्या ॲपमध्ये किती वापर झाला ते दिसते.

२. डब्यावरचा लाल दिवा लागला आहे का? फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल तर वायरमध्येच दोष आहे. नेटवाल्याला फोन करा.

३. घरातलेच कुणी जास्त वापरत आहे का? टीव्हीवर चालू राहिलेला पिक्चर, मोबाईलचे अपडेट आणि चोवीस तास रेकॉर्डिंग वर पाठवणारा कॅमेरा यांत बराच डेटा जातो.

हे सगळे ठीक असेल आणि तरीही वापर जास्त दिसत असेल, तर पुढची तपासणी करा.

पहिली पायरी : राउटरचे पान उघडा

ज्या डब्यातून वायफाय येते त्याला राउटर म्हणतात. प्रत्येक राउटरचे एक सेटिंगचे पान असते आणि ते मोबाईलवरही उघडते.

अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग, मग वायफाय, मग आपल्या वायफायच्या नावाशेजारच्या चाकाच्या खुणेवर दाबा. खाली 'गेटवे' म्हणून आकडे दिसतील. आयफोनमध्ये वायफायच्या नावाशेजारच्या गोलातल्या 'आय' वर दाबले की 'राउटर' या ओळीत तेच आकडे असतात. साधारणपणे ते १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असे असतात. जिओच्या डब्यांवर बहुधा १९२.१६८.२९.१ असतो. हे आकडे क्रोममध्ये वरच्या पट्टीत टाका. टाकताना इंग्रजी आकडे वापरा, मराठी आकड्यांनी पान उघडण्याची खात्री नाही.

पान उघडत नसेल तर मोबाईल डेटा बंद करून फक्त वायफायवर प्रयत्न करा. 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा आला तर घाबरू नका. हे पान बाहेरच्या इंटरनेटवर नसते, आपल्याच घरातल्या डब्यात असते, म्हणून तसा इशारा येतो. मात्र हा इशारा फक्त आपल्या राउटरच्या पानापुरता सोडून द्यायचा. बँकेच्या किंवा इतर साईटवर असा इशारा आला तर पुढे जाऊ नका.

आता युजरनेम आणि पासवर्ड विचारला जाईल. हा वायफायचा पासवर्ड नव्हे. हा राउटरच्या मालकाचा पासवर्ड आहे. डब्याच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर तो छापलेला असतो. तिथे नसेल तर नेट बसवून देणाऱ्याकडून मागून घ्या. पैसे तुम्ही भरता, तेव्हा मागायला संकोच नको. जिओ, एअरटेल यांसारख्या कंपन्यांच्या ॲपमधूनही वायफायची काही सेटिंग बदलता येतात.

दुसरी पायरी : यादी वाचा

राउटरच्या पानावर 'कनेक्टेड डिव्हायसेस', 'क्लायंट लिस्ट' किंवा 'डीएचसीपी लिस्ट' अशा नावाने जोडलेल्या उपकरणांची यादी असते. प्रत्येकासमोर नाव आणि बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक दिसतो. दोन-दोनच्या सहा जोड्यांतला हा क्रमांक म्हणजे मॅक ॲड्रेस. गाडीला जसा नंबर, तसा उपकरणाला हा.

यादीत काही नावे ओळखू येतात, काही येत नाहीत. ओळखण्याची सोपी रीत अशी :

- आधी कागदावर घरातली सगळी उपकरणे लिहा. मोबाईल, टीव्ही, सीसीटीव्ही, लॅपटॉप, वायफायवर चालणारा बल्ब किंवा मोटर स्टार्टर, काहीच सोडू नका.
- मग एकेकाचे वायफाय बंद करा आणि यादी पुन्हा उघडा. जे नाव गेले ते त्या उपकरणाचे. नावासमोर तशी नोंद करा.
- ज्या मोबाईलवरून तुम्ही तपासत आहात तो सोडून घरातले सगळे बंद केल्यावरही यादीत कुणी सुरू दिसत असेल, तर तो बाहेरचा.

एक काळजी घ्या. काही राउटर गेलेल्या उपकरणाचे नावही काही तास यादीत ठेवतात. म्हणून 'ऑनलाईन' किंवा 'ॲक्टिव्ह' असे लिहिलेलेच मोजा.

तिसरी पायरी : ब्लॉक करा, पण त्यावर विसंबू नका

यादीत अनोळखी उपकरणासमोर 'ब्लॉक'चे बटण असते किंवा 'मॅक फिल्टर' या पानावर त्याचा क्रमांक टाकता येतो. टाकला की ते उपकरण बाहेर. पण इथेच बरेच जण फसतात, कारण ब्लॉक केलेला दुसऱ्या दिवशी परत यादीत दिसतो.

कारण असे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, मोबाईल आपला खरा मॅक ॲड्रेस लपवून प्रत्येक वायफायला बनावट क्रमांक सांगतो. आपला माग कुणी काढू नये यासाठी ही सोय केलेली आहे. मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की क्रमांक बदलतो, आणि तुमचा राउटर त्याला नवीन मोबाईल समजून आत घेतो. गाडीची नंबरप्लेट बदलून नाक्यावरून जाण्यासारखाच हा प्रकार.

असा बनावट क्रमांक ओळखण्याची एक खूण आहे. मॅक ॲड्रेसचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा मोबाईलने स्वतः तयार केलेला क्रमांक असतो.

थोडक्यात, ब्लॉक म्हणजे दाराची कडी. बाहेरून हात घालून ती काढता येते. खरे कुलूप म्हणजे पासवर्ड.

चौथी पायरी : पासवर्ड बदला

अनोळखी माणूस कायमचा बाहेर काढायचा असेल तर वायफायचा पासवर्ड बदलणे हाच खात्रीचा उपाय. पासवर्ड बदलला की घरातले आणि बाहेरचे सगळेच एकदम बाहेर पडतात. मग ज्यांना हवे त्यांनाच नवीन पासवर्ड द्यायचा.

- पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतोच, पण बारा-पंधरा अक्षरांचा ठेवा.
- स्वतःचा मोबाईल नंबर, मुलाचे नाव, गावाचे नाव, गाडीचा नंबर ठेवू नका. हे सगळे अख्ख्या गावाला पाठ असते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मध्ये दोन आकडे, असे ठेवले तर लक्षातही राहते आणि ओळखताही येत नाही.
- सुरक्षेच्या पर्यायात 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' निवडा. 'ओपन' किंवा 'डब्ल्यूईपी' असेल तर आजच बदला. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत काही मिनिटांत फोडता येते.
- 'डब्ल्यूपीएस' हा पर्याय बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ही सोय आहे. ही पिन अकरा हजार प्रयत्नांच्या आत सापडू शकते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.
- राउटरच्या मालकाचा पासवर्डही बदला. तो 'ॲडमिन' असाच राहिला तर वायफायवर आलेला कुणीही तुमचीच सेटिंग बदलून तुम्हालाच बाहेर काढू शकतो, किंवा तुम्हाला खोट्या साईटकडे वळवू शकतो.

नवीन पासवर्ड टाकल्यावर टीव्ही आणि कॅमेरा बंद पडतील. त्यांच्यात नवीन पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. म्हणून हे काम रात्री घाईत नको, दिवसा निवांत करा.

पासवर्ड फुटतो कसा?

तुम्ही एकालाच सांगितलेला असतो, पण त्याच्या मोबाईलमध्ये 'शेअर' बटण असते. ते दाबले की चौकोनी क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच मोबाईलवर त्याच्या खाली पासवर्डही उघड दिसतो. दुसऱ्याने तो स्कॅन केला की तो आत. कट्ट्यावर बसलेल्या पोरांना इतके पुरते. म्हणजे दिलेला पासवर्ड एकाला दिला असे समजू नका, त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना दिला असेच समजा.

मग पाहुण्यांना काय द्यायचे?

आलेल्या माणसाला नाही म्हणणे आपल्याकडे जमत नाही, आणि म्हणायची गरजही नाही. बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. त्यात वायफायचे दुसरे नाव आणि दुसरा पासवर्ड तयार होतो. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळते, पण तुमचा कॅमेरा, टीव्ही, संगणक यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यासाठी 'गेस्टना लोकल नेटवर्क वापरू द्या' असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला घरात वारकरी उतरतात. अक्कलकोटला भाविकांना खोल्या दिल्या जातात. बार्शीत शिक्षणासाठी आलेली मुले भाड्याने राहतात. अशा घरांसाठी ही सोय फार उपयोगाची. वारी संपली की फक्त गेस्टचा पासवर्ड बदलायचा किंवा ते नेटवर्कच बंद करायचे. घरातल्या टीव्ही-कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही.

दुकानदारांनी एक लक्षात ठेवावे. घरगुती जोडणी इतरांना पैसे घेऊन वाटण्याची परवानगी साधारणपणे कंपन्या देत नाहीत. चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात लोकांना वायफाय द्यायचे असेल तर केंद्र सरकारची 'पीएम-वाणी' योजना आहे. तिला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. त्यात दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही आणि वापरणाऱ्याची ओळख मोबाईल नंबरवरून पटवली जाते. म्हणजे कोण वापरतो याची जबाबदारी एकट्या तुमच्या नावावर येत नाही.

फक्त ठरलेल्याच उपकरणांना परवानगी द्यायची असेल तर

मॅक फिल्टरमध्ये दोन प्रकार असतात. 'डिनाय' म्हणजे यादीतले बाहेर, बाकी सगळे आत. 'अलाऊ' म्हणजे यादीतलेच आत, बाकी सगळे बाहेर. दुसरा प्रकार जास्त कडक. उपकरणे थोडी आणि कायमची असतील, उदाहरणार्थ गोदामातले कॅमेरे किंवा दुकानातला बिलाचा संगणक, तर तो चांगला.

पण आधी या चार गोष्टी करा :

१. घरातल्या मोबाईलमध्ये या वायफायपुरता बनावट क्रमांक बंद करा. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या 'प्रायव्हसी' पर्यायात 'डिव्हाइस मॅक' निवडा. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. नाहीतर उद्या क्रमांक बदलला की घरचेच बाहेर राहतील.

२. 'अलाऊ' सुरू करण्याआधी ज्या मोबाईलवरून काम करत आहात त्याचा क्रमांक सर्वांत आधी यादीत टाका. विसरलात तर तुम्हीच बाहेर पडाल आणि वायर लावलेल्या संगणकावरूनच दुरुस्ती करावी लागेल.

३. वायफायची दोन नावे असतील, एक २.४ आणि दुसरे ५ गिगाहर्ट्झचे, तर यादी दोन्हीकडे लागू झाली आहे का ते पाहा. अनेक जण एकाच ठिकाणी लावतात आणि नको असलेला माणूस दुसऱ्या नावावरून येतो.

४. मॅक फिल्टर लावला म्हणून पासवर्ड सोपा ठेवू नका. माहीतगार माणूस हवेतून जाणारे क्रमांक वाचून त्यांची नक्कल करू शकतो.

मुलांच्या वेळेवर बंधन

दहावी-बारावीच्या घरात हा प्रश्न हमखास येतो. राउटरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'शेड्यूल' असेल तर ठरावीक मोबाईलचे नेट रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवता येते. पण हा नियमही मॅक ॲड्रेसवरच चालतो, आणि मुलांना क्रमांक बदलायची युक्ती आपल्यापेक्षा लवकर कळते. शिवाय सिमचा डेटा सुरू असेल तर राउटर काहीच करू शकत नाही. त्यामुळे लहान मुलांच्या मोबाईलवर गुगलचे 'फॅमिली लिंक' लावणे आणि मोठ्यांशी सरळ बोलणे, दोन्ही लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वायफायचे नाव लपवले तर चालेल का?* फारसा उपयोग नाही. नाव यादीत दिसत नाही, पण ते शोधून काढणारी ॲप मिळतात. पासवर्ड मजबूत ठेवा.

*वायफायवर आलेला माणूस माझ्या बँकेतले पैसे काढू शकतो का?* बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधली माहिती कुलूपबंद होऊनच जाते. नुसता वायफायवर आला म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत. खरा धोका ओटीपी सांगण्यात आणि अनोळखी लिंक दाबण्यात असतो. मात्र कॅमेऱ्याचा किंवा डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवला असेल तर घरातले चित्रण तो पाहू शकतो. तो पासवर्ड आजच बदला.

*काहीच जमले नाही तर रिसेट करू का?* डब्याच्या मागे टाचणीने दाबायचे छोटे भोक असते. ते दाबून धरले की सगळी सेटिंग पुसली जातात. त्यात नेटवाल्याने टाकलेली जोडणीची माहितीही जाऊ शकते आणि नेट पूर्ण बंद पडते. त्याला विचारल्याशिवाय दाबू नका.

*विनापरवानगी दुसऱ्याचे वायफाय वापरणे गुन्हा आहे का?* माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्क वापरल्यास भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

संशय आला तर पुरावा आधी, दुरुस्ती नंतर

आपल्या वायफायवरून काही गैरप्रकार झाल्याची शंका आली, तर घाबरून लगेच राउटर रिसेट करू नका. रिसेट केले की आतल्या नोंदी जातात. आधी जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. मग पासवर्ड बदला. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते.

थोडक्यात, दर तीन महिन्यांनी एवढे करा

- राउटरच्या पानावर जाऊन यादी पाहा, अनोळखी कुणी असेल तर पासवर्ड बदला.
- भाडेकरू गेला, कामगार बदलला, लग्नकार्य उरकले की लगेच पासवर्ड बदला.
- पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्कच वापरा.
- डब्ल्यूपीएस बंद आहे का आणि मालकाचा पासवर्ड 'ॲडमिन' तर नाही ना, हे तपासा.
- दोन्ही पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा. राउटरवर चिकटवू नका, भिंतीवर लिहू नका.

पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि हा मजकूर वाचत एकेक पायरी करून पाहा.